सेव्ह न केलेलं पत्र

मोजणीदारांनी सात महिने लॅपटॉप बंद केला नव्हता. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेले हे गृहस्थ आता दिवसातून दहादा चार्जरची पिन घट्ट आहे ना, एवढंच बघायचे. पडदा काळा झाला की माउस हलकेच हलवायचे. कीबोर्डला मात्र फडकंसुद्धा लावायचे नाहीत. चुकून एखादं बटण दाबलं गेलं म्हणजे?

पडद्यावर त्यांच्या बायकोचं शेवटचं पत्र होतं, लेकीला लिहिलेलं. लिहिता लिहिता छातीत कळ आली म्हणून बाई उठल्या, त्या परत टेबलाशी आल्याच नाहीत. पत्र सेव्ह केलेलं नव्हतं, नुसतं उघडं होतं. शेजारच्या कुणालाही हाक मारली असती तर मिनिटाचं काम. पण सेव्ह करून देणारा ते वाचणारही, आणि पत्रात लिहिलं होतं:

‘नवऱ्याचं घर सोडून तू बॅग घेऊन दारात उभी होतीस आणि बाबांनी तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बाबांचं चुकलं. मी ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होते, बाहेर आले नाही, ते माझं चुकलं. आता तू ये. दार मी’

तिथंच ते थांबलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मोजणीदारांनी मूठ झाकून ठेवली. लेकीलाही कळवलं नाही. रोज सकाळी चहाआधी एकदा वाचायचे आणि म्हणायचे, उद्या सांगू. माणूस नको तिथं किती चिकाटी दाखवतो!

मंगळवारी सकाळी रक्तदाबाची गोळी घेताना कोपर लागलं आणि भरलेला पेला कीबोर्डवर आडवा झाला. तळमजल्यावर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मुलीला त्यांनी फोन लावला.

“काका, आधी बंद करा! चार्जर काढा, बटण दाबून धरा, उलटा करून ठेवा. पाण्यानं मशीन मरत नाही, पाण्यातून करंट फिरला की मरतं.”

“बंद केला तर पत्र जाईल गं.”

“मग पटकन फोटो काढा!”

“माझा फोन साधा, बटणांचा.”

“थांबा, मी आलेच.”

ती तीन जिने चढून येईपर्यंत ते वर्तमानपत्राच्या कडेला पत्र उतरवू लागले. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याशी पेन्सिल अडली. ‘बाबांचं चुकलं’ हे दोन शब्द स्वतःच्या हातानं लिहायला जड गेले. तेवढ्यात पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. मुलगी धापा टाकत दारात आली तेव्हा तिच्या फोनचा कॅमेरा सुरूच होता.

तिनं जीव ओतून काम केलं. मागचं झाकण उघडलं, बॅटरी सोडवली, आतली सर्किटची पाटी स्पिरिट आणि ब्रशनं धुतली, तीन दिवस पंख्याखाली वाळवली. चौथ्या दिवशी लॅपटॉप सुरू झाला.

“बघा काका, सगळे फोटो जसेच्या तसे! नशीबवान आहात.”

“आणि पत्र?”

तिनं बराच वेळ शोधलं. मग हळूच म्हणाली, “सेव्हच केलं नव्हतं, काका. कुठून आणू?”

दुकानातल्या स्टुलावर बसून मोजणीदार लहान मुलासारखे रडले. तिनं पाणी दिलं.

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. पत्र त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या शब्दापासून ‘दार मी’पर्यंत त्यांनी ते म्हणून दाखवलं, काही गाळलं नाही.

“हे आईनं लिहिलंय?” लेकीनं विचारलं.

“हो.”

“मग दाखवा.”

“पाणी सांडलं. गेलं ते.”

“सात महिन्यांनी सांगताय, आणि नेमकं आता गेलं? बाबा, आई तुमच्याविरुद्ध कधी चकार शब्द बोलली नाही. माफी मागायची तर स्वतःच्या तोंडानं मागा. गेलेल्या बाईच्या तोंडी कशाला घालता?”

पत्र तिच्या आईचंच आहे, हे शपथेवर सांगावंसं त्यांना वाटलं. पण आता त्यांची शपथ खरी कोण मानणार? त्यांनी डोळे मिटले.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी तुला दारातून घालवायला नको होतं.”

पलीकडे लेक रडू लागली.

“बाबा,” ती म्हणाली, “आई असताना हे एकदा म्हणाला असतात तर?”