तिरक्या केसांची कुंचली

मित्रांनो, मी जुनी आहे, मोडकी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात जुनं काही दिसलं की भंगारवाल्याला हाक मारणारी माणसं आहेत. मी एक कुंचली आहे. मला लाकडी दांडा आहे, पितळी गळपट्टा आहे आणि पुढे चपटे केस आहेत. केस कशाचे ते विचारू नका. बाईला वय आणि केस विचारायचे नसतात.

बाजारात मला ब्रश म्हणतात. पण ब्रश म्हटलं की ‘तो’ झाला, आणि मी बाई आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या मालकिणीने, नलिनीने, मला हातात घेऊन म्हटलं, “कुंचली बरी आहे.” मी तेच नाव घेतलं.

पस्तीस वर्षं मी भांडुपच्या दुकानांवर नावं लिहिली. पिठाची गिरणी, लोहारकाम, लग्नाची भांडी भाड्याने मिळतील, सगळं लिहिलं. आणि खरं सांगू? मला वाचता येत नाही. अक्षराचं पोट कुठे भरायचं, कंबर कुठे आवळायची आणि शेपूट कुठे सोडायची, एवढं मात्र मला कळतं. शिकलेल्या माणसांनाही ते कळत नाही, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

नलिनीचा नवरा लवू. तो आधी परळच्या गिरणीत कापडाच्या गाठींवर नंबर टाकायचा. गिरणी बंद पडली तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं, अक्षर होतं. त्याने मला विकत आणलं, घरावर ‘लवू पेंटर’ अशी पाटी लावली आणि रंगाचे डबे मांडले. भिंतीवर त्याने मला कधी घासलं नाही. भिंतीला दुसरे ब्रश होते. मी फक्त पत्र्यावरच्या मोठ्या अक्षरांची. आधी पत्र्याला अस्तराचा पहिला हात द्यायचा, मग खडू लावलेली दोरी ताणून वर एक आणि खाली एक अशी रेघ मारायची. अक्षरं आधी लिहायची आणि डोक्यावरची रेघ शेवटी, एका श्वासात, हात न उचलता. ती रेघ ओढताना लवू गल्लीतल्या कुत्र्यालाही भुंकू देत नसे.

पण पहिलं वर्ष सुरू होतं तेव्हाची गोष्ट. लवू घरासमोर शिडीवर उभा राहून एका दुकानाची पाटी लिहीत होता आणि नलिनी भाजी घेऊन येत होती. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली, पाटीकडे बघितलं आणि तिथूनच म्हणाली,

“अहो, ही अक्षरं अशी सुजलेली का दिसतात? सगळीकडे सारखीच जाड. कंबर नाही, मान नाही.”

“तुका काय कळता त्यातला?” लवू शिडीवरून म्हणाला. “सही करताना जीभ बाहेर येता तुझी.”

नलिनी तिसरीपर्यंत शिकलेली. ती गप्प बसली. मित्रांनो, नलिनी गप्प बसली की समजायचं, काहीतरी शिजतंय.

मला धुवायचं काम तिचं होतं. संध्याकाळी डब्याच्या झाकणात रॉकेल घ्यायचं, मग साबण, मग स्वच्छ पाणी. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब. त्या संध्याकाळी तिने तेल लावलं आणि माझ्या केसांवर अंगठा ठेवून ते हलकेच एका बाजूला तिरके बसवले, मुलीचा भांग पाडावा तसे. फडक्यात गुंडाळून मला फळीवर आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी लवूने मला पत्र्यावर टेकवलं आणि काय सांगू! उभी काठी जाड आली आणि वळण आपोआप बारीक झालं. अक्षरांना कंबर आली. लवू शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे गेला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

“हात बसला माझा,” तो म्हणाला.

“बसला हो,” नलिनी म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली.

त्या दिवसापासून पस्तीस वर्षं तिने रोज संध्याकाळी मला तशीच तिरकी बसवली. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लोक लवूच्या अक्षराची तारीफ करायचे. नलिनी चहा आणून ठेवायची. झाकली मूठ झाकलीच राहिली. मला मात्र आतून गुदगुल्या व्हायच्या.

एक गोष्ट मला कधी कळली नाही. दर मे महिन्यात नलिनी वीस दिवस मालवणकडे माहेरी जायची. त्या वीस दिवसांत लवू एक अक्षर लिहायचा नाही. पत्र्यांना अस्तर मारायचा, कडेला पट्ट्या ओढायचा. लोकांना सांगायचा, “उन्हात रंग लगेच सुकतो. अक्षर जूनात.” मला वाटायचं, बायको नाही तर आळस चढला बाबाला.

पुढे छापील फलक आले. संगणकावर नाव टाकलं की तासाभरात पाटी तयार. मग लवूच्या हाताला कंप सुटला, आणि नलिनीने केस तिरके बसवून मला बिस्किटांच्या डब्यात झोपवलं. ते तसेच वाळले. सात वर्षं झाली. नलिनी दसऱ्याला हळदकुंकू लावायची, पण तेल लावायची नाही. तोंडावर कुंकू आणि केस कोरडे! हे मी अजून विसरलेले नाही.

लवूची नात जान्हवी. कलाशाळेत शिकली आणि आता अंधेरीला, मरोळच्या एका कचेरीत कामाला जाते. तिथे संगणकासाठी अक्षरं बनवतात.

“अक्षरं काय कारखान्यात बनतात?” नलिनीने विचारलं होतं.

“आजी, मोबाइलवर मेसेज येतो ना तुला, त्यातलं प्रत्येक अक्षर कुणीतरी बसून काढलेलं असतं.”

“मग त्या माणसाला सांग, जरा मोठं काढ म्हणावं.”

जान्हवीच्या मनात एकच होतं. आजोबांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. भांडुपमध्ये लवूच्या तीनच पाट्या उरल्या होत्या आणि त्यातली व्यायामशाळेची तर पुढच्या महिन्यात उतरणार होती. तिने तिन्हींचे फोटो काढले, नवा कोरा ब्रश आणला आणि दोन महिने कागदांवर अक्षरं लिहिली. कचेरीतल्या शुभा मॅडमनी कागद पाहिले.

“नीटनेटकं आहे,” त्या म्हणाल्या, “पण जीव नाही गं यात. सोमवारी पुन्हा दाखव. नाही जमलं तर हे बाजूला ठेवू, दुसरं काम घे.”

तेच कागद तिने लवूला दाखवले. त्याने चष्मा लावून सगळे पाहिले. “छान आसा,” तो म्हणाला. “पण माझा नाय.”

जान्हवीचं तोंड एवढंसं झालं. सोमवार हुकला तर आजोबांचं अक्षर पाट्यांबरोबर भंगारात जाणार, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

रविवारी दुपारी बांगड्याचं जेवण झालं. लवू खुर्चीत डोळे मिटून पडला होता. नलिनी आत भांडी आवरत होती. जान्हवीने बिस्किटांचा डबा काढला, मला बाहेर घेतलं, कोमट पाण्यात भिजवलं. सात वर्षांनी अंगाला पाणी लागलं! मी सुखावले. तेवढ्यात ती म्हणाली,

“शी! किती वाकडा झालाय हा. वाट लागली पार.”

तिने मला उजेडात धरलं, डोळा बारीक केला आणि कात्री घेतली. मित्रांनो, मी ओरडले असते, पण कुंचलीला आवाज नसतो. कच्! माझ्या डाव्या कोपऱ्याचे केस गेले.

“कात्री खाली ठेव!”

नलिनी दारात उभी होती. हातात ओली कढई तशीच.

“अगं आजी, वाकडा झालाय. फक्त सरळ करतेय.”

“वाकडा झाला नाही, केलाय. मी केलाय! पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी या अंगठ्याने बसवलेत ते केस. कॉलेजात एवढी वर्षं काय शिकवलं गो तुला? हत्यार हातात आलं की आधी त्याचं ऐकायचं असतं. कात्री कसली लावतेस!”

जान्हवीने कात्री खाली ठेवली. “म्हणजे आजोबांच्या अक्षरात जे जाड-बारीक आहे, ते...”

“हळू बोल,” नलिनीने खुर्चीकडे पाहिलं. “त्यांना ठाऊक नाही.”

“ठाऊक नाय कसा?”

लवूने डोळे उघडले नव्हते.

“मे महिन्यात मी पत्र्यांका अस्तर मारीत बसायचो, ता काय उन्हामुळे? तू गेलीस की मी धुतलेली ही कुंचली दोन दिवसांत सरळ व्हायची आणि माझा अक्षर सुजायचा.”

नलिनीने हातातली कढई खाली ठेवली.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” ती म्हणाली.

“बोललो असतो तर तेल लावायचा सोडून तू माका शिकवूक बसली असतीस.”

“बसलेच असते!” नलिनी म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. रागाने की कशाने, ते मी सांगणार नाही.

मग ती खाली बसली. खोबरेलाची बाटली आली, एक थेंब पडला आणि माझ्या केसांवर तो अंगठा आला. आता जरा सुरकुतलेला, पण वजन तेच. घटकाभर मला तसंच राहू दिलं. नंतर रंगात बुडवून मला जान्हवीच्या हातात दिलं. तिने कागदावर ‘क’ काढला. त्याचं पोट भरलं, मान बारीक झाली. लवू खुर्चीतून उठून जवळ आला.

पण कापलेल्या कोपऱ्याने शेपटाच्या टोकाला एक बारीक खाच सोडली होती. प्रत्येक अक्षरात ती येत होती. जान्हवीचे डोळे भरले. “आजोबा, मी घालवलं. हिचे केस आता वाढणार नाहीत.”

“रवांदे ती खाच,” लवू म्हणाला. “माझो हात आसा, तुझ्या आजीचो अंगठो आसा. तुझी कात्री पण रवांदे त्यात.”

सोमवारी शुभा मॅडमनी कागदावर बोट ठेवून विचारलं, “ही खाच साफ करणार ना?”

“नाही,” जान्हवी म्हणाली. “ती माझी आहे.”

त्यांनी आणखी काही वेळ कागद पाहिले आणि काम पुढे न्यायला सांगितलं.

मग वर्षभर ती संगणकावर बसली. एकेका अक्षराची कड घासली, जोडाक्षरं बांधली. आठशेच्या वर आकार झाले. नलिनी म्हणाली, “आमच्या लग्नाला एवढी माणसं नव्हती.” फॉन्टला नाव काय द्यायचं, यावर घरात मोठी बैठक झाली. जान्हवी म्हणाली, “नलिनी.”

“अजिबात नको,” नलिनी म्हणाली. “उद्या लोक मला जाड करतील, तिरकी करतील. या घरात केली तेवढी पुरे.”

मग नाव माझं ठेवलं. कुंचली. आता सांगा, मी तोरा मिरवू की नको?

परवा स्टेशनजवळ पोळीभाजीच्या दुकानावर नवी पाटी लागली. संगणकावरच छापलेली, पण अक्षर आमचं. लवू आणि नलिनी रस्त्यापलीकडे उभे राहून बघत होते. मी नलिनीच्या पिशवीत होते. तोंड बाहेर काढून मलाही दाखवलं. “कंबर आहे,” नलिनी म्हणाली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

आता मी लिहीत नाही. शनिवारी मला आंघोळ आणि तेल असतं, आणि केस बसवायला जान्हवीचा अंगठा. तो अजून जड पडतो. नलिनी शेजारी बसून टोमणे मारते. मला ते ऐकायला बरं वाटतं.

मित्रांनो, वापरून झालं की हत्यार धुऊन, पुसून, आडवं ठेवा. उभं ठेवलंत तर त्याची मान मोडते. आणि घरातली एखादी जुनी वस्तू वाकडी दिसली, तर आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारा, ही वाकवली कोणी आणि कशासाठी. कात्री काय, केव्हाही सापडते.