पेसामिनोचं घर आणि लेमालूमामांची आरोळी

या, अशा जवळ येऊन बसा. लांबून ऐकण्यात काय मजा? आमच्या लोसाताईंची एक गोष्ट सांगतो, छोटीशीच आहे, पण मला अजून पुरून उरली आहे.

ऑकलंडच्या दक्षिण भागात घरं विकून देणारी आमची सात जणांची टोळी होती आणि तिच्या म्होरक्या लोसाताई. सामोअन बाई. रविवारी चर्चमध्ये त्या गायला उभ्या राहिल्या की उपदेशसुद्धा गाण्यातून गळी उतरायचा. शनिवारी त्याच आवाजात त्या घरांचे लिलाव पुकारायच्या.

त्या शनिवारी नोलीनबाईंचं घर होतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई, लेकीजवळ राहायला नेल्सनला निघालेल्या. सात लाख ऐंशी हजार डॉलरच्या खाली विकायचं नाही, असं त्यांनी ताईंना लिहून दिलं होतं. घ्यायला आलेला पेसामिनो विमानतळावर सामान चढवायचा. बायकोला आठवा महिना. आमच्याच चार लिलावांतून तो हात हलवत परत गेला होता. आज धीर द्यायला तीसेक नातेवाईक आले होते, सगळे चर्चच्या कपड्यांत.

बाकीचे बोली लावणारे एकेक करून गळाले. पेसामिनो सात लाख सत्तर हजारांवर आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"आणखी दहा, बाळा?" ताईंनी विचारलं.

तेवढ्यात मागून त्याचे लेमालूमामा गरजले, "दहा हजार आमच्या घराकडून!"

टाळ्या पडल्या. फाआपिसामावशी मागे कशा राहतील? "पंधरा आमच्याकडून!" पुन्हा टाळ्या.

मी ताईंच्या कानाशी लागलो. "सात लाख पंच्याण्णव झाले! पाडा हातोडा."

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझे बूट न्याहाळू लागलो. त्यांच्या चर्चमध्ये कुणाच्या घरानं किती देणगी दिली ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात, हे मलाही ठाऊक होतं. ताईंनी हातोडा खाली ठेवला.

"मामा, हे घर तुम्हाला हवंय?"

"मला कशाला? माझंच गळतंय, ते कोण बघणार? मी पोराला देतोय!"

"इथे दुसऱ्यानं आकडा उच्चारला की तो पोराच्या विरुद्ध जातो."

मामांचा चेहरा पडला. मावशी फणकारल्या, "तरी म्हणत होते, तोंड आवरा!"

"आणि पंधरा कोण ओरडलं? माझी कोंबडी?"

सगळं अंगण हसलं. पेसामिनो तेवढा हसला नाही. ताई त्याला म्हणाल्या, "बोली तुझ्या तोंडून यायला हवी. सावकाश बोल."

त्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी, दहा माझेच, अशी मान हलवली. "सात लाख ऐंशी," तो म्हणाला.

आता ताई ओट्यावर नोलीनबाईंच्या खुर्चीपाशी गेल्या. मीही गेलो. "बाई, मी तुमच्या बाजूची, म्हणून तुमच्यापासून काही लपवत नाही. तुमचा आकडा आला आहे. मावशींचे पंधरा अजून त्यांच्याकडे आहेत. आणखी मागायचे असतील तर मागते, तुमचा हक्क आहे."

बाईंनी पेसामिनोच्या पोटुशा बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

"मी ऐंशी म्हटलं होतं ना? आले की. त्या बाईंना सांगा, पंधरातून बाळासाठी पाळणा घ्या, आणि उरतील त्यातून भावाचं छप्पर नीट करा."

हातोडा पडला. नंतर जे गाणं उठलं त्यात चार सुरांत तीस गळे होते आणि मध्ये ताईंचा. मी देवाचं नाव घेतलं, माझ्या भाषेत. ताईंच्या कानाशी केलेलं माझं ते कुजबुजणं मात्र अजून सलतं. ताईंनी ते पुन्हा कधी काढलं नाही.

हल्ली त्यांचे गुडघे धरलेत, चर्चमध्ये बसूनच गातात. रात्री हात जोडाल तेव्हा त्यांचं नाव घ्या. लोसा, एवढंच म्हटलं तरी चालेल.