अण्णांच्या दंडाचं माप

नवा सदरा बेतायला लेकीनं अण्णांच्या दंडाला टेप गुंडाळला आणि तिचा हात थबकला. वर्षभरापूर्वी दंड साडेदहा इंच होता, आज साडेआठ. शिवणकामात तिचं माप कधी चुकत नसे, तरी तिनं पुन्हा घेतलं. साडेआठच.

"काय जेलरीणबाई, कापड वाचलं ना?" अण्णा हसले.

हे नाव स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या पथ्याच्या कागदामुळे पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या किडन्या थकल्या तेव्हा दवाखान्यानंच तो दिला होता. अंडी, डाळी, मासे सगळं अगदी बेतानं. त्याबाहेरचा घास तिनं त्यांना कधी घेऊ दिला नाही. परवा त्यांनी नातीच्या ताटलीतलं अर्धं अंडं उचललं, तर हिनं हातातून काढून घेतलं. वर, "लहान आहात का?"

दुसऱ्या दिवशी डायालिसिसच्या खोलीत तिथल्या तंत्रज्ञ मुलानं अण्णांचं वजन केलं. "बावन्न. तसंच आहे, छान!"

"छान कसलं? दंड दोन इंच गेलाय!"

"काटा खोटं बोलेल का ताई?"

सिस्टर आल्या. त्यांनी अण्णांच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना. "मांस उतरलंय, त्या जागी पाणी साठलंय. म्हणून काटा हलला नाही. खातात काय?"

लेकीनं मोठ्या विश्वासानं कागदाचा फोटो दाखवला. सिस्टरनी त्यावरची तारीख पाहिली.

"हा डायालिसिसच्या आधीचा. आता उलट आहे. मशीन रक्तातलं पोषणही थोडं ओढून नेतं, अंडं रोज हवं. डॉक्टरांनी सांगितलं असेल असं वाटलं..."

"आणि डॉक्टरांना वाटलं, तुम्ही सांगितलं असेल!" तिचा आवाज खोलीभर घुमला. "दीड वर्ष आठवड्यातून तीनदा येतोय आम्ही. मोबाइल बंद ठेवा म्हणालात, गाडी इथे लावू नका म्हणालात. ह्यांना जेवू घाला, एवढंच कुणाच्या तोंडून निघालं नाही?"

"आहारतज्ज्ञ गुरुवारी येतात."

"मग आत्ता फोन लावा. नवा कागद हातात पडल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

चार तासांनी अण्णांचं मशीन सुटलं, तेव्हा कागद तिच्या हातात होता.

घरी येताच तिनं भिंतीवरचा जुना कागद ओरबाडून काढला आणि अंडं उकडून अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी एकदा अंड्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. एक घास खाल्ला आणि ताटली हळूच सरकवली.

"आता भूकच लागत नाही गं."

ताटली परत ओढून तिनं अंड्याचा तुकडा मोडला, आपल्या लेकीसाठी मोडायची तेवढा. मग त्याहून लहान केला आणि त्यांच्या ओठांशी धरला.