मुठीवरची तारीख

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण ऐकेल तो आमचा कुलूपवाला कसला! आडनावाचा अर्थच कुलूप घडवणारा, धंदा सात पिढ्यांचा, आणि त्याचा तोरा काय विचारता! घरची रीत अशी की मुलगा झाला की बापाने त्याच्या नावाच्या नव्या कानशीच्या लाकडी मुठीवर घराण्याची खूण आणि त्या दिवसाची तारीख ठोकायची. मुलींना काही नाही. त्याची लेक बारा वर्षं दुकानात बसून बापापेक्षा सफाईने किल्ल्या घासत होती, तरी तिच्या कानशीची मूठ कोरीच. तिने एकदा खूण मागितली.

"खूण रक्ताची असते पोरी. तू उद्या परक्या घरी जाणार," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

मग त्याच्या चुलतभावाने टूम काढली. थुंकी नळीत भरून प्रयोगशाळेत पाठवली की बापाकडून बापाकडे आलेला वंश कळतो म्हणे! दोघांनी पाठवली. चुलतभावाचा वंश त्याच आडनावाच्या चार लांबच्या घरांशी जुळला. ह्याचा कुणाशीच जुळेना, चुलतभावाशीसुद्धा नाही.

"दादा, त्यांचीच काहीतरी चूक असेल," चुलतभाऊ फोनवर चाचरत म्हणाला. पुन्हा पाठवली. उत्तर तेच.

तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचत बसला. त्याचा स्वतःचा चेहरा तर हुबेहूब वडिलांचा; म्हणजे वडीलच आजोबांचे नव्हते? आजीबद्दल नाही नाही ते मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आडनाव उसनं, धंदा उसना, मग आपलं काय? दोन दिवस त्याने कुलपाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने वडिलांची कानस काढली. मुठीवर खूण होती, पण तारीख वडिलांच्या जन्मानंतर चार वर्षांची. घरातली जुनीच थट्टा होती ही: आजोबांना गिऱ्हाइकांची कुलपं पाठ, पोराचा वाढदिवस मात्र ठाऊक नाही! तोही जन्मभर हसत आला होता. आज हसू येईना. केसभर चूक न खपवणारा माणूस चार वर्षं चुकेल?

चुकलाच नव्हता. चार वर्षांचं पोर ज्या दिवशी दत्तक म्हणून घरात आलं, त्या दिवसाची ती तारीख होती. काका, म्हणजे चुलतभावाचे वडील, तर त्यानंतर जन्मलेले, त्यांना कुठून कळणार! आजोबांनी काही लपवलं नव्हतं, लाकडात ठोकून ठेवलं होतं. मूठ छातीशी धरून तो लहान पोरासारखा रडला.

लेक दुकानात आली तेव्हा तो तिच्या कानशीवर वाकला होता. खूण ठोकून झाली होती. तारखेचा शेवटचा आकडा त्याने तिच्यासमोर ठोकला.

तिने ते आकडे बोटाने चाचपले. मग हळूच म्हणाली, "बाबा, ही तर आजची तारीख. माझा जन्म बत्तीस वर्षांपूर्वीचा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझ्या बापाला चारच वर्षं थांबावं लागलं. तुला मी बत्तीस थांबवलं."