डावं चाक

मिस्त्रीचा साडू मिस्त्रीला घरातसुद्धा 'मिस्त्री'च म्हणायचा. बाकी सगळे दादा म्हणत, मेव्हणी भावोजी म्हणे, पण हे गृहस्थ जेवणाच्या टेबलावरही "मिस्त्री, जरा मीठ सरकवा," असं म्हणत, जणू मिठाची बरणी वर्कशॉपमधून मागवायची होती. मोठ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला मिस्त्री म्हटल्याचं वाईट वाटत नाही. कोण कुठल्या सुरात म्हणतं, याचं वाटतं. बारा वर्षं मिस्त्रीने ते ऐकून घेतलं, कारण बायकोला सख्खी अशी ती एकच बहीण होती.

साडूला सगळे साहेब म्हणत. ऑफिसात तो साहेब होताच, पण सायकल क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून तो रविवारीही साहेब राहू लागला.

खरं भांडण सुरू झालं ते ट्रेलरवरून. मिस्त्रीने दोन वर्षं खपून एक ट्रेलर बनवला होता. छोट्या गाडीच्या मागे जोडायचा, वर दोन सायकली लादायच्या आणि मुक्कामाला पोचलं की आत दोघांनी झोपायचं. हे सगळं बायकोसाठी होतं. तिला सायकलचं भारी वेड, पण गुडघे गेलेले. सायकल चालवताना त्रास व्हायचा नाही, जमिनीवर झोपून उठताना मात्र डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून ट्रेलरमधला बिछाना बरोबर तिच्या मांडीच्या उंचीचा. हिवाळा संपला की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर सायकल विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्याआधी एकदा लांबच्या मोठ्या तळ्याला सायकलवरून पूर्ण फेरा घालायचा, एवढंच तिचं मागणं होतं. निघायची तारीखही ठरली होती.

गाडी छोटी, त्यामुळे ट्रेलर हलका हवा. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, भिंती ताडपत्रीच्या, तळाला पातळ प्लाय. बाथरूममधल्या वजनकाट्यावर एकेक कोपरा ठेवून मिस्त्री वजन करायचा आणि जिथे जास्त भरेल तिथे भोकं पाडायचा. सांगाड्याच्या मधल्या कण्याला तर इतकी भोकं पडली की बायको म्हणाली, "अहो, आता पुरे. आणखी चार पाडलीत तर वाऱ्याने उडेल." तीच ड्रिलखाली पट्टी धरून बसायची, पाना हातात द्यायची, आणि कुठला पाना लागणार हे तिला मागायच्या आधी कळायचं.

दोघं राहायची तिसऱ्या मजल्यावर आणि खाली ट्रेलर ठेवायला जागा नव्हती. म्हणून तो सुटा होणारा केला. दोन चाकं काढायची, सांगाड्याची घडी घालायची आणि जिन्याने वर आणून पॅसेजमध्ये उभा करायचा. एक माणूस, एक पाना, दहा मिनिटं. प्रत्येक चाकाला मध्यभागी एकच मोठा नट होता आणि डाव्या चाकाच्या नटाचे आटे उलटे होते. वर्कशॉपची सवय ती. डावं चाक धावता धावता सैल पडू नये म्हणून तिथल्या जुन्या मोठ्या गाड्यांना तसंच असायचं. सगळे नट ज्या बाजूला फिरवून सुटतात, त्या बाजूला हा आवळतो. वर्कशॉपमध्ये आलेला प्रत्येक नवखा पहिल्या दिवशी त्या नटाशी झोंबायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

तर हा ट्रेलर साहेबाने क्लबच्या सहलीसाठी एकदा मागून नेला. परत आला तो मासिकात छापूनच. रंगीत फोटो, साहेब ट्रेलरला टेकून उभा, आणि खाली मुलाखत. म्हणे, ही कल्पना मला सायकल चालवताना सुचली. म्हणे, वजन कमी करण्यासाठी मी प्रत्येक पट्टीला भोकं पाडली. शेवटी एक ओळ होती, की वेल्डिंगसाठी एका कारागिराची मदत झाली.

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. ते पान त्याने चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा बायकोने हातातून काढून घेतलं.

"जाऊ द्या हो. ट्रेलर आपल्या दारात उभा आहे ना?"

"भोकं पाडली म्हणतो! ड्रिल कुठल्या टोकाने धरतात, ते तरी विचार त्याला."

"विचारून काय होणार? माझ्या बहिणीच्या डोक्याला ताप."

मिस्त्रीने विचारलं नाही, पण रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या स्वतःलाच 'एक कारागीर' म्हणून हाक मारायचा आणि रोज नव्याने पेटायचा. त्याला एकच हवं होतं. चार लोकांत साहेबाच्या तोंडून निघायला हवं होतं, की हे काम दादांचं आहे.

आठ दिवसांनी साहेबाचा फोन आला. सायकल क्लबचा मोठा मेळावा होता आणि लोकांना ट्रेलरचं प्रात्यक्षिक बघायचं होतं. रविवारी सकाळी न्यायचा, संध्याकाळी परत. "एक माणूस, एक पाना, दहा मिनिटं, मिस्त्री! लोक वेडे होतील."

तुम्ही कधी खोललाय का तो, असं मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. साहेबाने ट्रेलर नेला होता, ओढला होता, त्यात झोपलाही होता, पण खोलून वर चढवायचं काम दर वेळी मिस्त्रीनेच केलं होतं. मिस्त्रीला एकदम गार वाटलं.

"न्या की," तो म्हणाला. "तुमचाच आहे."

बायको हे ऐकत उभी होती. "येत्या बुधवारी आपल्याला तळ्याला निघायचंय आणि परत त्याच्या हातात दिलात?"

"संध्याकाळी येतोय की परत."

"त्याला डाव्या चाकाचं सांगितलंत ना?"

"सांगतो."

त्याने सांगितलं नाही. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो मेळाव्याला गेला आणि बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला. बायकोच्या पलीकडे मेव्हणी होती.

साहेबाने माइकवर छान भाषण ठोकलं. मग बाह्या सरसावून त्याने पाना उचलला. उजवं चाक मिनिटभरात निघालं. टाळ्या पडल्या. त्याने ट्रेलरची ती बाजू ठोकळ्यावर टेकवली आणि हात झटकत डाव्या चाकापाशी गेला.

नट हलेना. साहेबाने जोर लावला. मग दोन्ही हातांनी लावला. मग पान्यावर पाय देऊन उभा राहिला. "साहेब, दहा मिनिटं झाली!" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. कोणी म्हणालं, तेल घाला. कोणी म्हणालं, आधी साहेबांना तेल घाला. साहेबाने पान्याला लांब पाइप जोडला आणि घाम गाळत नट आणखीच घट्ट केला. मिस्त्री हाताची घडी घालून बसला होता. बारा वर्षांत त्याला इतकं सुख झालं नव्हतं.

"भावोजी, जा ना हो," मेव्हणी काकुळतीला आली.

"मी कशाला? त्यांचा ट्रेलर आहे."

तेवढ्यात साहेबाने वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. याला माहीत आहे आणि हा मुद्दाम बसलाय, हे साहेबाला कळलं, आणि साहेबाला कळलंय हे मिस्त्रीलाही कळलं. मिस्त्रीने नुसत्या भुवया उंचावल्या. हाक मार, एवढंच त्याचं म्हणणं होतं. दादा, जरा या, एवढे तीन शब्द.

साहेबाने मान फिरवली आणि पलीकडच्या स्टॉलवाल्याला हात केला. "अहो, तुमचा तो लोखंड कापायचा ग्राइंडर द्या बरं जरा."

बायको ताडकन उठायला गेली. मिस्त्रीने तिचं मनगट धरलं.

"अहो, कापतोय तो! सांगा त्याला."

"थांब. बोलावेल तो."

"नाही बोलावणार. मी सांगते."

"खाली बस म्हणतो ना."

ती बसली. ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडायला लागल्या तसे पुढचे लोक खुर्च्या मागे घेऊ लागले. साहेबाला नट आणि चाकाचा हब यांतला फरकही कळत नव्हता. पातं नटातून हबमध्ये गेलं, हबमधून चाकाच्या दांड्यात, अ‍ॅक्सलमध्ये. मिस्त्रीला आवाजावरून कळत होतं, आता कुठे लागलं, आता किती आत गेलं. तोंडातून 'उलटा' एवढा शब्द काढला असता तरी काम झालं असतं. तरी तो साहेबाच्या तोंडाकडेच बघत राहिला. मोडेल साहेबाचाही ताठा. आता मोडेल. आता मारेल हाक.

अ‍ॅक्सल तुटला. ट्रेलर डाव्या अंगावर कोसळला आणि मधला कणा जिथे सर्वांत जास्त भोकं होती, तिथेच दुमडला. ताडपत्री टरकन फाटली. मैदानात कोणीच हसलं नाही.

साहेबाने ग्राइंडर खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, क्षमा असावी," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर हा ट्रेलर मी बनवलेलाच नाही. सगळं काम आमच्या मिस्त्रींचं. ते काय, समोरच बसलेत."

सगळं मैदान वळून मिस्त्रीकडे बघायला लागलं. कोणीतरी च्यक् च्यक् केलं. शेजारी बायको त्या दुमडलेल्या बिछान्याकडे बघत होती.

"हात सोडा आता," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की तिचं मनगट अजून त्याच्याच मुठीत होतं.