आईकडून आलेलं

मोहिनीनं लेकीला, स्नेहलला, बालवाडीत घातलं आणि कळवणच्या त्या घरात उलट्यांनी मुक्कामच ठोकला. पहिल्याच आठवड्यात पोरगी पहाटे पोट धरून उठली आणि ओकायला लागली. पाण्याचा घोट टिकेना. शेवटी सलाइन लावावं लागलं. दोन दिवसांनी मात्र काही झालंच नसल्यासारखी उठून भाकरी मागू लागली.

महिनाभर बरं जायचं आणि पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरांनी आधी जंत म्हटलं, मग पित्त. मोहिनीच्या सासूबाई वत्सलाबाई मीठमोहऱ्या उतरवून थकल्या. सुनीलनं, स्नेहलच्या बापानं, निकाल देऊन टाकला, "शाळा नको म्हणून नाटकं करते. तू लाडावून ठेवलीस."

बालवाडीच्या लताबाईंनी एक दिवस तिला शाळेच्या दारातच थांबवलं. "मोहिनीताई, बाकीचे पालक कुरकुर करतात हो. बरी होईस्तोवर घरीच ठेवा."

मोहिनीलाही मग ते नाटकच वाटू लागलं. मधे बरी दिसली म्हणून पोरीला बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला न्यायचं ठरलं, त्या सकाळी स्नेहलनं नव्या परकरावरच उलटी केली, तेव्हा तिनं लेकीच्या पाठीत धपाटा घातला.

"आई, मी मुद्दाम नाही करत गं," पोर कण्हत म्हणाली.

मोहिनीनं तिला पोटाशी घेतलं. सुनीलला न जुमानता तिनं नाशिकची एसटी धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी भलतंच विचारलं, "तुमचं डोकं दुखतं का?"

"अर्धशिशी आहे, लग्नाआधीपासून. उलटी झाल्याशिवाय उतरत नाही."

"हिचं त्याच जातीचं दुखणं आहे, पोटातली अर्धशिशी. भीती, आनंद, जागरण, कशाचंही निमित्त होतं. शाळा नवी होती, तेवढं पुरलं. पोरगी खोटं बोलत नाही."

"बरी होईल ना?"

"वाढत्या वयात उलट्या बहुधा थांबतात." डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. "पण पुढे बऱ्याच जणांना डोकेदुखी लागते."

घरी येऊन मोहिनीनं सगळं सांगितलं. सुनील म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडूनच आलं."

"मी म्हनतच व्हते, हे आईकडचंच हाय," वत्सलाबाई पुटपुटल्या.

मोहिनीला स्वतःलाही तसंच वाटत होतं. इतके दिवस दुखण्याला नाव नव्हतं, तोवर कुठंतरी आशा होती. आता नाव कळलं आणि ते तिच्याच रक्तातलं निघालं.

औषध सुरू झालं, तरी पुढच्या महिन्यात उलट्या आल्याच. बालवाडी सुटली ती सुटलीच. स्नेहल आईच्या मांडीवर निपचित पडली होती, ओठ सुकलेले.

"आई, मी मोठी झाल्यावर थांबेल ना?"

मोहिनीनं तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं.

"बोलू नकोस बाळा," ती म्हणाली. "पड जरा."