माझं पडणं, दोन आवृत्त्यांत

माझं पडणं बाजारात दोन प्रकारांत मिळतं. कन्सोलवर मी जरा अडखळत पडतो, पीसीवर लोण्यासारखा. हे मत माझं नाही. मला कधीही न भेटलेल्या हजारो लोकांचं ते मत आहे आणि त्यावरून ते एकमेकांची आईबहीण काढतात. माझी आई खरोखरच त्यात सापडली, तेव्हा मात्र कुणाला काही वाटलं नाही.

सिनेमाचं नाव लिहिणार नाही. फुकट जाहिरात कशाला? आमच्या इंडोनेशियातल्या सिलट या युद्धकलेच्या मारामाऱ्या होत्या, लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सुट्टीत लागणार होता आणि त्याच दिवशी त्याचा व्हिडिओ गेमही दुकानात हवा होता. सिनेमावरचे गेम असेच बनतात. सिनेमाची तारीख ठरलेली असते. वरातीमागून घोडं नको, म्हणून घोड्याला मार. गेम बरा झाला की वाईट, हे कुणी विचारत नाही. वेळेवर झाला का, एवढंच विचारतात.

हिरो सगळी मारामारी स्वतः करतो, असं पोस्टरवर छापलं होतं. गेममध्ये त्याच्या अंगात मी होतो. बांडुंगच्या बाहेर चिमाहीत एक गोदाम भाड्यानं घेतलेलं. अंगावर काळा घट्ट सूट, त्यावर चिकटवलेल्या गोळ्या, भोवती कॅमेरे. ते कॅमेरे चेहरा घेत नाहीत, फक्त हालचाल घेतात. चेहरा नंतर हिरोचा लावतात. मी उभा जन्म सिलट शिकवण्यात घालवला होता, त्यामुळे हालचाल विकत घ्यायला ते माझ्याकडे आले आणि मी दिली.

हिरो हरला की उंचावरून पाठीवर पडतो, एवढा एकच तुकडा राहिला होता. परांची बांधलेली, खाली जाड गाद्या. दुपारी सिनेमावाल्यांची गाडी आली आणि जाड गाद्या घेऊन गेली. त्यांचं शूटिंग होतं, त्यांचा मान मोठा. मागे उरल्या त्या पातळ, पोरांनी कोलांट्या मारायच्या.

गेमचं सगळं काम ब्राम नावाचा एक तरुण बघत होता. मी त्याला पाक, म्हणजे साहेब, म्हणायचो आणि तो मला कांग, म्हणजे दादा. मी त्याला म्हणालो, "पाक ब्राम, ही गादी आहे की पापड?"

तो हसला. "कांग ओहान, तुम्ही सिलटचे गुरू. तुम्हाला गादी लागते होय? एकदाच घेऊ, मग जेवायलाच बसू."

एकदाच घेतलं. गादी सरकली, कंबर सिमेंटवर बसली आणि मी ओरडलो, "अंबू." माणूस अशा वेळी आईलाच हाक मारतो, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की माझ्या गळ्यापाशी माईक होता. मारामारीचे हुंकार वेगळे रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, म्हणून ते तिथल्या तिथे घेत होते. मला उचलायला सगळे धावले. कॅमेरे बंद करायला कुणी धावलं नाही.

आता मी कुबड्यांवर चालतो. शिष्य दुसऱ्या गुरूकडे गेले. बायको निनिंग कपड्यांच्या कारखान्यात जाते. दिवसभर घरात मी आणि अंबू. अंबू विसरायला लागली आहे. निनिंग कोण हे तिला कधी आठवतं, कधी नाही. जेवली की नाही हेही तसंच. माझा आवाज मात्र ती विसरलेली नाही.

आमच्या दारासमोर, हात लांब केला तर शिवता येईल इतक्या अंतरावर, मामतचं कन्सोलचं दुकान आहे. जमिनीवर सतरंजी, भिंतीला टीव्ही, गल्लीतली पोरं तासाच्या भाड्यावर खेळतात. लेबाराननंतर एका दुपारी मी आत पडलो होतो. अंबू ओट्यावरून उठली आणि अनवाणी त्या दुकानात शिरली. तिचा आवाज ऐकून मी मागोमाग गेलो.

"कोण मारतंय माझ्या हानला?" ती पोरांना विचारत होती. मला ती हान म्हणते आणि गल्लीतली पोरं तिला निनी, म्हणजे आजी.

"कुणी नाही हो, निनी. हिरो मेला."

"मेला कसा? आत्ता हाक मारली त्यानं."

"निनी, तुम्ही खेळता का? या, तुम्हाला पण मारायला शिकवतो."

पोरं हसली. मग एकानं बटण दाबलं, हिरो परत हरला, परांचीवरून पाठीवर पडला आणि मी दारात उभा असताना टीव्हीतून मीच ओरडलो. "अंबू."

हे मला तिथे कळलं. कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा हिरोचा होता, पण ती सरकलेली टाच माझी होती आणि तो गळा माझा होता. आणि गेम इतका घाईत, इतका वाईट बनवला होता की कितीही चांगला खेळणारा त्यात सारखा हरायचा. गेम वाईट होता, म्हणून मी जास्त पडत होतो. दिवसभर पडत होतो आणि प्रत्येक वेळी अंबू उठत होती.

मला एकच गोष्ट हवी होती. तो आवाज काढून टाका. माझी आई रस्त्यावर धावत सुटते.

स्टुडिओत गेलो. ब्राम होता, आणि लारास. लारास तिथे गेममधल्या आकृत्यांना चालायला लावायचं काम करायची. इस्पितळात माझ्यासोबत एकटी तीच आली होती.

ब्राम म्हणाला, "कांग, खरं सांगू? तसा आवाज पैसे देऊन मिळत नाही. इतका खरा होता की टाकवेना."

"तुला टाकवेना. माझ्या आईला ऐकवेना."

त्यानं मान खाली घातली. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "पीसीवरचं काढता येईल. आज म्हणाल तर आज. अपडेट सोडलं की झालं. कन्सोलचं तसं नसतं. तिकडे प्रत्येक बदल तपासून घ्यावा लागतो, त्याला खर्च येतो. आणि सिनेमा थेटरातून उतरलाय, कांग. सिनेमा उतरला की गेमवर कुणी एक रुपिया घालत नाही."

"आमच्या गल्लीत पीसी कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"हा गेम चालेल असा? महाग असतो तो, कांग."

"म्हणजे माझा आवाज बड्यांच्या घरातून जाणार आणि माझ्या दारात राहणार."

लारास मध्येच म्हणाली, "निदान तिथून तरी जाऊ दे, कांग. मी आत्ता बसते." आणि तिनं खरंच काढला. पडणंही बदललं. पीसीवरचा हिरो आता गुडघे टेकून मुकाट्यानं आडवा व्हायचा.

मला वाटलं होतं, कुणाला कळणारही नाही. पण या लोकांना काय कळतं आणि काय कळत नाही, याचा हिशोब वेगळा आहे. दोनच दिवसांत इंटरनेटवर शिमगा सुरू झाला. लारासनं मला तिच्या फोनवर वाचून दाखवलं. कन्सोलवाले लिहीत होते, "काय रे पीसीवाल्यांनो, घरदार विकून मशीन घेतलीत आणि हिरो मुका निघाला?" पीसीवाले लिहीत होते, "आमचं पडणं कापलं, चोर आहेत." एकानं लिहिलं होतं, "तुमच्या डब्यावर तो पडताना चित्र अडकतं, आधी ते बघ." त्याला उत्तर आलं होतं, "अडकू दे, ओरडतो तरी. तुमचा तर नमाजाला बसल्यासारखा मरतो." हजारो माणसं. कन्सोल बरा की पीसी, एवढ्यासाठी रक्त आटवत होती. आमच्याकडे मशिदीच्या वर्गणीवरूनही एवढी भांडणं होत नाहीत. आणि तो ओरडणारा कोण, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

लारास चिडली. तिनं तिथे स्वतःच्या नावानं लिहिलं: तो आवाज नटाचा नाही, एका माणसाची कंबर मोडली तेव्हाचा आहे, तो माणूस आज कुबड्यांवर चालतो आणि त्याची म्हातारी आई ती हाक ऐकून रस्त्यावर येते.

तिला वाटलं लाज वाटेल. मलाही वाटलं. मी अडाणी नाही. शाळा सोडली तरी पुस्तकं सोडली नाहीत. तरी मला वाटलं.

लाज वाटली नाही. गेम खपायला लागला. थेटरातून उतरलेल्या सिनेमाचा मेलेला गेम उठून बसला. खरं ओरडणं आहे, ऐकलं का? आधी दोन जमाती होत्या, आता दोन्ही एक झाल्या आणि एका सुरात मागायला लागल्या: पीसीवर परत आणा.

ब्रामचा फोन आला. आवाजात साखर.

"कांग ओहान, परत टाकावं लागतंय हो. वरून आलंय. पण यावेळी नीट करतोय. मूळ रेकॉर्डिंग घेतलंय, एकदम स्वच्छ. आणि शेवटी तुमचं नाव येणार. मोठ्या अक्षरात."

"कशाखाली येणार?"

"म्हणजे?"

"नावाच्या वर काय लिहिणार? पडणारा?"

"कांग, तुम्ही रागावलात."

"लारासला दे फोन."

"ती आता नाही इथे," तो म्हणाला. कुठे गेली ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी मामतकडे गेलो. मामत वाईट माणूस नाही. माझ्याच हाताखाली सिलट शिकला आणि मोडलेला अंगठा घेऊन पळाला.

"मामत, तो गेम काढ."

"कांग, आता सगळी तोच मागतात."

"मग आवाज बंद ठेव."

"ठेवतो की. ठेवला होता काल. पोरं म्हणाली, मुकं बघायचं तर पीसीवाले होऊ. उठून पलीकडच्या गल्लीत गेली." तो कान खाजवत राहिला. "एक बोलू? निनीलाच समजवा ना. टीव्ही आहे म्हणावं. पोरांनाही कळतं ते."

जगाला समजावणं जमलं नव्हतं. आईला समजावायचं ठरवलं.

रोज दुपारी तिला हाताला धरून मामतकडे न्यायचो. सतरंजीवर बसवायचो. मामत मुद्दाम हरायचा. टीव्हीतून हाक यायची आणि अंबू उठायला बघायची. मी तिचा हात दाबून धरायचो.

"अंबू, इकडे बघ. मी इथे आहे. माझं तोंड मिटलेलं आहे. कोण ओरडलं?"

"तू."

"मी नाही. टीव्ही."

"टीव्हीला कुठली आई?"

"नाहीच. म्हणून उठायचं नाही. ती हाक आली की बसून राहायचं. ऐकतेस ना?"

पोरांना सुरुवातीला मजा वाटली, मग कंटाळा आला. मला कंटाळून चालणार नव्हतं. सिलट मी असंच शिकवायचो. तीच हालचाल, परत तीच, अंगात मुरेपर्यंत. अंबू आदल्या दिवशीचं विसरायची, पण अंगाला जे शिकवलं ते डोकं विसरलं तरी अंग विसरत नाही. हळूहळू तिचे गुडघे उठायचे थांबले. मग मान वळायची थांबली. एके दिवशी ओट्यावर बसून ती शेंगा सोलत होती, समोरून हाक आली आणि तिच्या बोटांची लयसुद्धा मोडली नाही.

निनिंगला मी अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता जरा झोप तरी लागेल." त्या रात्री मी भात जरा जास्तच खाल्ला.

मग तो शुक्रवार. मामत दुकान बंद करून नमाजाला गेला होता, पोरंही गेली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी मोरीत गेलो. ओल्या फरशीवर कुबडी सटकली. यावेळी पातळ गादीही नव्हती. कंबर जिथे आधी मोडली होती तिथेच आपटली आणि पाय माझे राहिले नाहीत.

मी हाक मारली, "अंबू."

मोरीचं दार अर्धं उघडं होतं. ओट्यावर अंबू बसलेली दिसत होती, मांडीत कांगकुंगच्या पालेभाजीची जुडी, देठं मोडत. मी परत हाक मारली. जोरात मारली. रेकॉर्डिंगपेक्षा स्वच्छ.

तिनं एक देठ मोडलं, वास घेतला, टोपलीत टाकलं. समोरच्या बंद शटरकडे बघून म्हणाली, "हळू खेळा रे पोरांनो."

मी हाका मारायचा थांबलो नाही. पोरं नमाजाहून परतली, समोर टीव्ही लागला आणि माझी हाक त्या हाकांत मिसळून गेली, तरी निनिंग कारखान्यातून येईपर्यंत मारत होतो. शेवटी शेवटी गळ्यातून नुसती हवा येत होती. निनिंगनं पिशवी टाकली, मला बघितलं, पाण्यात गुडघ्यांवर बसली आणि वळून ओरडली, "अंबू, घरातच होतात ना? ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"आलं की," अंबू म्हणाली. "टीव्ही आहे तो. हाननं शिकवलंय मला."